प्रभागांच्या रेघा व त्यांचा खर्च

पुणें महापालिकेची निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजीं एकदांची पार पडली आणि शहरानें सुटकेचा निःश्वास टाकला. जी निवडणूक २०२२ च्या आरंभीं व्हावयाची ती जवळजवळ चार वर्षांनीं झाली. पण झाली हेंच पुष्कळ, असें म्हणून लोक आपापल्या उद्योगास लागले. 'झालें गेलें गंगेला मिळालें' ही आपल्या लोकांची जुनी वृत्ति आहे, आणि घरगुती कलहांत ती शहाणपणाचीहि ठरते. सार्वजनिक पैसा व सार्वजनिक हक्क यांच्या बाबतींत मात्र ती घातक होय. लग्न आटोपल्यावर मांडववाल्याचा, आचाऱ्याचा व वाजंत्र्यांचा हिशेब यजमानास चुकत नाहीं; आणि या समारंभाचे यजमान तर आपणच, म्हणजे घरपट्टी व पाणीपट्टी भरणारे पुणेकर आहों. तेव्हां निवडणुकीची धूळ खालीं बसली आहे तोंच हा हिशेब मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम घडलेली हकीकत क्रमानें सांगतों. २००२ सालच्या निवडणुकीस पुण्यास तीन सदस्यांचा प्रभाग मिळाला. २००७ सालीं तो मोडून एक सदस्याचा वॉर्ड आला. २०१२ सालीं दोन सदस्यांचा प्रभाग झाला, २०१७ सालीं चार सदस्यांचा. डिसेंबर २०१९ मध्यें विधिमंडळानें कायदा दुरुस्त करून पुन्हां एक सदस्याची पद्धति आणली. पण त्या पद्धतीनें पुण्यांत एकहि निवडणूक होण्यापूर्वीं, सप्टेंबर २०२१ मध्यें, त्याच मंत्रिमंडळानें तीन सदस्यांचा निर्णय घेतला. ऑगस्ट २०२२ मध्यें नव्या मंत्रिमंडळानें तो रद्द करून चार सदस्यांचा प्रभाग परत आणला. तीन, एक, दोन, चार, एक, तीन, चार! सारीपाटावर पडणाऱ्या दानांची ही यादी नव्हे. पस्तीस लक्ष वस्तीच्या एका शहरानें आपला प्रतिनिधि कसा निवडावा याबद्दल राज्यकर्त्यांनीं चोवीस वर्षांत घेतलेल्या निर्णयांची ही यादी आहे.

यांत कोणा एका पक्षास दोष द्यावा असें म्हटलें तर तें शक्य नाहीं. पहिले तीन बदल काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या आघाडीच्या अमदानींतले. चौथा भारतीय जनता पक्ष व शिवसेना यांच्या सरकारचा. पांचवा व सहावा महाविकास आघाडीचा. सातवा शिंदे-फडणवीस सरकारचा. एरव्हीं ज्यांचें एका वाक्यावरहि एकमत होत नाहीं त्या सर्वांचें एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे, तें हें कीं सत्ता हातीं आली म्हणजे प्रभागाची रेघ पुसून नवी ओढावी. विरोधांत असतांना प्रत्येकानें याच गोष्टीस लोकशाहीचा खून म्हटलें आहे. आम्हांस त्या वक्तृत्वाची आतां इतकी संवय झाली आहे कीं वक्ता बदलला तरी भाषण ओळखूं येतें.

खर्चाचा पहिला भाग रोकडीचा. प्रभाग आंखणें म्हणजे भिंतीवरील नकाशावर पेन्सिल फिरविणें अशी कोणाची समजूत असेल तर ती दुरुस्त करून घ्यावी. जनगणनेच्या वेळीं शहराचे जे लहान लहान तुकडे पाडलेले असतात, ज्यांस प्रगणक गट म्हणतात, ते एकेक करून जुळवावयाचे. गट शक्यतों फोडावयाचा नाहीं. सरासरी लोकसंख्येहून शेंकडा दहांपेक्षां अधिक कमीजास्त होऊं द्यावयाचें नाहीं. नदी, नाला, लोहमार्ग, मोठा रस्ता या सीमा शक्यतों ओलांडावयाच्या नाहींत. उत्तरेपासून आरंभ करून ईशान्य, पूर्व, मग पश्चिम असें सरकत सरकत दक्षिणेस शेवट करावयाचा. हें झालें म्हणजे कच्चा आराखडा, त्याची तपासणी, प्रसिद्धि, नागरिकांच्या हरकती व सूचना, त्यांवर सुनावणी, अंतिम रचना, आरक्षणाची सोडत, आणि सर्वांत शेवटीं विधानसभेच्या मतदारयाद्या प्रभागवार फोडण्याचें किचकट काम. या प्रत्येक पायरीस अभियंते, कारकून व शिपाई लागतात. ते कांहीं आकाशांतून उतरत नाहींत. ज्या क्षेत्रीय कार्यालयांत आपण जन्माचा दाखला मागावयास, तुंबलेल्या गटाराची तक्रार द्यावयास जातों, तेथूनच ते उचलले जातात. आणि आपण गेलों म्हणजे 'साहेब इलेक्शनच्या कामाला गेलेत' हें उत्तर मिळतें.

आतां हें दळण अलीकडच्या काळांत कितीदां दळलें तें पहा. ऑगस्ट २०२१ मध्यें एक सदस्याच्या हिशेबानें कच्चा आराखडा करण्याचा आदेश निघाला आणि काम सुरू झालें. तें काम महिन्याभरांत निरुपयोगी ठरलें. मग तीन सदस्यांच्या हिशेबानें आंखणी झाली. १ फेब्रुवारी २०२२ रोजीं ५८ प्रभाग व १७३ जागा असलेला आराखडा प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक हरकती आल्या. त्या ऐकल्या गेल्या. मे महिन्यांत रचना अंतिम झाली. मेच्या अखेरीस एक सोडत निघाली, आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयांत सुटल्यावर जुलैच्या अखेरीस दुसरी निघाली. ही दुसरी सोडत होऊन आठवडा उलटला नाहीं तोंच मंत्रिमंडळानें सारी रचनाच मोडीत काढली. नकाशे, याद्या, सुनावणीचीं टिपणें, दोन सोडतींचे अहवाल, सर्व रद्दींत गेलें. पुढें २२ ऑगस्ट २०२५ रोजीं ४१ प्रभाग व १६५ जागांचा आराखडा आला, पुन्हां हरकती, या खेपेस पांच हजारांहून अधिक, पुन्हां सुनावणी, पुन्हां नोव्हेंबरांत सोडत.

या सर्वांवर एकंदर किती रुपये खर्च झाले? महापालिकेच्या अंदाजपत्रकांत रस्ते आहेत, पाणी आहे, उद्यानें आहेत, अगदीं शोभेच्या कारंज्यांचाहि खर्च सांपडतो. पण 'आंखून मग मोडलेले प्रभाग' असें सदर नाहीं. खर्च खात्याखात्यांच्या पगारांत, छपाईंत व गाडीभाड्यांत विरघळून गेलेला असतो. निर्णय घेणारें मंत्रिमंडळ मुंबईचें आणि भरणा करणारी तिजोरी पुण्याची, अशी ही व्यवस्था आहे. आयजीच्या जिवावर बायजी उदार हें आपल्याकडे फार जुनें आहे. येथें बायजीस आयजीनें काय दिलें याचा हिशेब ठेवण्याचीहि गरज वाटली नाहीं.

मतदानयंत्रांची गोष्टहि याच सदरांतली. एका मतदारास एक मत द्यावयाचें असेल तर लागणारीं यंत्रें आणि चार जागांसाठीं चार मतें द्यावयाचीं असतील तर लागणारीं यंत्रें यांत किती अंतर पडतें, हें शाळेंतला मुलगाहि सांगेल. २०२५ सालीं निवडणुका पुढें ढकलण्यासाठीं सर्वोच्च न्यायालयापुढें जीं कारणें मांडलीं गेलीं त्यांत यंत्रांचा तुटवडा हें एक कारण होतें. आपणच पदर पसरट करावयाचा आणि मग तो अंगणांत लोळतो म्हणून रडावयाचें, त्यांतलाच हा प्रकार.

पण रोकडीचा हा भाग आम्हीं आधीं सांगितला तो केवळ सोपा म्हणून. खरा खर्च वेळेचा झाला, आणि त्याचा आकडा ऐकून कोणाहि सुज्ञ गृहस्थास घाम फुटावा.

मागील सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजीं संपली. दुसऱ्या दिवसापासून महापालिका आयुक्त हेच प्रशासक झाले. म्हणजे खर्च सुचविणारा, खर्च मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. स्थायी समिति नाहीं, मुख्य सभा नाहीं. पण त्या दोहोंचे अधिकार आहेत, आणि ते एकाच टेबलावर. या स्थितींत पुणें शहरानें चार अंदाजपत्रकें पाहिलीं. २०२२-२३ चें ८,५९२ कोटींचें, २०२३-२४ चें ९,५१५ कोटींचें, २०२४-२५ चें ११,६०१ कोटींचें आणि २०२५-२६ चें १२,६१८ कोटींचें. बेरीज बेचाळीस हजार कोटींहून अधिक होते. या बेचाळीस हजार कोटींवर पुणेकरांनीं निवडून दिलेल्या एकाहि माणसाचें मत पडलें नाहीं.

येथें एका जुन्या गोष्टीची आठवण होते. जोतीराव फुले हे १८७६ पासून कांहीं वर्षें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते, आणि तेहि सरकारनियुक्त. १८८० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या पुणें-भेटीच्या निमित्तानें स्वागतासाठीं हजार रुपये खर्चावे असा प्रस्ताव आला, तेव्हां एकट्या फुल्यांनीं त्यास विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे लावावा असें त्यांचें म्हणणें होतें. प्रस्ताव संमत झाला तो झालाच. पण हजार रुपयांच्या प्रश्नावर, परक्या राज्यांत, सरकारनें नेमलेल्या मंडळींत कां होईना, 'नाहीं' म्हणावयास एक खुर्ची होती. स्वराज्याच्या पाऊणशें वर्षांनंतर बेचाळीस हजार कोटींच्या प्रश्नावर पुण्यांत तेवढीहि खुर्ची शिल्लक राहिली नव्हती. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. टिळक १८९५ त या शहराच्या म्युनिसिपालिटींत लोकांच्या मतांनीं निवडून गेले; पुढें गोखल्यांनीं तिचें अध्यक्षपद भूषविलें. ज्यांचे पुतळे आपण चौकाचौकांत उभे केले आहेत त्या माणसांनीं शहराच्या कारभारांत बसण्याचा हक्क किती महत्त्वाचा मानला होता, हें त्या पुतळ्यांना हार घालणारांस ठाऊक नसावें.

प्रशासकांवर आमचा व्यक्तिशः कटाक्ष नाहीं. ते शिकलेले, अनुभवी अधिकारी असतात, आणि कांहीं कामें त्यांच्या हातून झटपट झालीं हेंहि खरें आहे. किंबहुना 'नगरसेवक नव्हते तेव्हांच कारभार बरा होता' असें म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आमच्या ऐकण्यांत वारंवार आले आहेत, आणि त्यांचीच आम्हांस अधिक काळजी वाटते. नगरसेवकांचे दोष आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या नांवाच्या कमानी, बांक व वाढदिवसांचे फलक यांनीं आमचे डोळे दुखले आहेत. पण वाईट नगरसेवकास पांच वर्षांनीं घरीं बसवितां येतें. बदलीवर आलेला अधिकारी बदलीवर जातो. त्यानें ओढलेल्या रस्त्याचें, तोडलेल्या झाडांचें, नदीकांठीं ओतलेल्या काँक्रीटचें उत्तर आपण कोणत्या मतपेटींत मागणार?

या काळाचा खरा भार मात्र पेठांतल्या किंवा कोथरूडच्या सुशिक्षितांवर पडला नाहीं. आमच्या ओळखीपाळखी असतात, दूरध्वनी असतो, वर्तमानपत्रांत पत्र लिहितां येतें. भार पडला तो शहराच्या कडेला नव्यानें जोडलेल्या गांवांवर, आणि त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

३० जून २०२१ रोजीं तेवीस गांवें पुणें महापालिकेंत घेतलीं गेलीं. वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला हीं त्यांपैकीं कांहीं. त्याबरोबर पुणें महापालिका क्षेत्रफळानें मुंबईहूनहि मोठी झाली, आणि त्याचा अभिमानानें उच्चारहि झाला. गांवें आलीं त्या दिवशीं तेथील ग्रामपंचायती संपल्या. सरपंच गेला, सदस्य गेले, ग्रामसभा गेली. त्यांच्या जागीं कोण आलें? कोणीच नाहीं. महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपेपर्यंत त्यांचा एकहि सदस्य तेथें बसला नाहीं. आणि मुदत संपल्यावर तर सभागृहच उरलें नाहीं. या गांवांतील लोकांनीं पालिकेंतला आपला पहिला प्रतिनिधि पाहिला तो जानेवारी २०२६ मध्यें, म्हणजे साडेचार वर्षांनीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील वाडीस जो हक्क आहे तो नऱ्ह्याच्या इमारतींत राहणाऱ्या माणसास साडेचार वर्षें नव्हता.

जानेवारी २०२५ मध्यें याच बाजूस, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यांत, गिलन-बारे नांवाच्या मज्जातंतूंच्या आजाराची सांथ उद्भवली. धडधाकट माणसांचे हातपाय एकाएकीं लुळे पडूं लागले, रुग्णालयांत कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर माणसें गेलीं, कांहीं दगावलीं. संशयाचा रोख दूषित पाण्याकडे गेला, आणि नांदेड गांवची सार्वजनिक विहीर साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत झळकली. धरणाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या गांवांस शुद्ध केलेलें पाणी मिळत नव्हतें, ही गोष्ट त्या वेळीं शहरास कळली. नगरसेवक असता तर सांथ टळली असती असें आम्ही म्हणत नाहीं. रोगजंतु ठराव वाचीत नाहींत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, साडेतीन वर्षें पाण्याविषयीं ओरडणाऱ्या माणसाचा आवाज अंदाजपत्रक ठरतें त्या खोलींत पोंचविण्याची जी एकमेव कायदेशीर वाट होती, ती बंद होती. ती कां बंद होती? अनेक कारणें होतीं. पण त्यांत एक कारण असें होतें कीं प्रभाग तिघांचा करावा कीं चौघांचा हें मुंबईंत ठरत नव्हतें.

येथें प्रतिपक्षाचें म्हणणें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. ते म्हणतील, निवडणुका अडल्या त्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादामुळें. रचनेस बोल कां? हें अर्धें खरें आहे. मार्च २०२१ च्या निकालानें तो प्रश्न उभा राहिला आणि पुष्कळ महिने त्यांत गेले, हें कबूल. परंतु जुलै २०२२ मध्यें न्यायालयानें आरक्षणासह निवडणुकीस वाट मोकळी केली होती. रचना तयार होती, सोडत झाली होती. त्याच क्षणीं सरकारनें रचना बदलली. बदलास आव्हान मिळालें. २२ ऑगस्ट २०२२ रोजीं न्यायालयानें 'जैसे थे'चा आदेश दिला. आणि तो पांच आठवड्यांचा आदेश लांबत लांबत ६ मे २०२५ पर्यंत गेला, तेव्हां कोठें चार महिन्यांत निवडणुका घ्या असें न्यायालयास सांगावें लागलें. ती मुदतहि पाळली गेली नाहीं; ती पुढें ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली. दार उघडलें असतां उंबरठ्यावर खड्डा कोणी खणला, हें या क्रमावरून वाचकांनींच ठरवावें.

राज्यघटनेचा या बाबतींतला हेतु संदिग्ध नाहीं. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें पालिकेची मुदत पांच वर्षें ठरविली, त्याहून अधिक नाहीं. आणि ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असें स्पष्ट लिहिलें. अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणांत २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं प्रभागरचना किंवा मतदारयाद्या अपुऱ्या आहेत ही सबब चालणार नाहीं. त्या वेळेवर तयार करणें हेंच तुमचें काम. ज्या सबबीस वीस वर्षांपूर्वीं दार बंद केलें ती आमच्याकडे खिडकींतून आली आणि दिवाणखान्यांत चार वर्षें बसून राहिली.

आतां चार सदस्यांच्या प्रभागाविषयीं. २००७ सालीं पुण्यांत १४४ वॉर्ड होते, आणि २००१ च्या गणतीनें एका वॉर्डाची वस्ती सरासरी साडेसतरा हजार भरत होती. आजच्या चौसदस्यी प्रभागाची वस्ती २०११ च्या गणतीनेंच सरासरी चौऱ्याऐंशी हजार येते. महाराष्ट्रांत चाळीस हजार ते एक लक्ष वस्तीच्या गांवास ब वर्गाची स्वतंत्र नगरपरिषद असते. तिला नगराध्यक्ष असतो, मुख्याधिकारी असतो. पुण्यांत तेवढ्या वस्तीस अ, ब, क, ड अशीं चार अक्षरें मिळालीं आहेत, आणि आंबेगांव-कात्रज प्रभागांत पांच. गल्लींतला दिवा बंद पडला तर या चौघांपैकीं कोणाकडे जावें? 'अ' म्हणतो तें 'क'च्या भागांत येतें. 'क' म्हणतो निधि 'ड'नें घेतला. 'ब' कोण आहे हें अर्ध्या प्रभागास ठाऊक नसतें. कायद्यानें चौघेहि सगळ्या प्रभागाचे, म्हणून व्यवहारांत ते आपसांत वांटणी करून घेतात, आणि ती वांटणी कोणत्याहि राजपत्रांत छापलेली नसते. शिवाय चौऱ्याऐंशी हजार लोकांपर्यंत पायीं फिरून पोंचणें एखाद्या शिक्षकास, डॉक्टरास किंवा निवृत्त कारकुनास शक्य नाहीं. त्यास पक्षाची गाडी, पक्षाचें चिन्ह व पक्षाची थैली लागते. पूर्वीं या शहरांत अपक्ष म्हणून उभे राहून निवडून येणारे कांहीं स्वतंत्र बाण्याचे लोक असत. त्यांची जात आतां नष्ट होण्याच्या मार्गाला लागली आहे.

या पद्धतीच्या बाजूनें एक मुद्दा विचारार्ह आहे. एक सदस्याच्या वॉर्डांत आरक्षणाची चिठ्ठी निघाली कीं चांगलें काम करणाऱ्या माणसाचा वॉर्ड एका दिवसांत जातो. प्रभाग मोठा असला तर शेजारच्या जागेवर त्यास उभें राहतां येतें, आणि अर्ध्या जागा स्त्रियांच्या असल्यानें प्रत्येक प्रभागांत दोन स्त्रिया येतातच. हें खरें आहे. पण हा गुण इतका मोठा असेल तर तो मुंबईस कां नको? मुंबईंत २२७ जागा, २२७ प्रभाग, एका प्रभागास एक नगरसेवक. मुंबईच्या माणसास एक प्रतिनिधि पुरतो आणि पुण्याच्या माणसास चार लागतात, यास शास्त्राधार काय? एक सदस्याची पद्धति चांगली असेल तर ती पुण्यास द्या; बहुसदस्यांची चांगली असेल तर मुंबईसहि लावा. या साध्या प्रश्नाचें उत्तर गेल्या चोवीस वर्षांत कोणत्याहि नगरविकासमंत्र्यानें दिलेलें आमच्या वाचनांत नाहीं. आम्हांस स्वतःस एक सदस्याचीच पद्धति बरी वाटते. तरी ती नाहीं मिळाली, तिघांची किंवा चौघांचीच कायम ठेवली, तरीहि आम्ही ती सोसूं. निदान कोणास शोधावयाचें तें लोक एकदां शिकतील. शनिवार पेठ २०१७ सालीं सदाशिव पेठेच्या गळ्यांत बांधली होती, २०२५ सालीं ती मंडईच्या गळ्यांत बांधली. पेशवाईपासून ज्या पेठा आपापल्या जागीं आहेत त्यांनाच दर पांच वर्षांनीं नवें बिऱ्हाड शोधावें लागतें. मग बाणेर-वाघोलीच्या नव्या वसाहतींची कथा काय?

मतदारसंघाच्या रेघेवर राज्यकर्त्यांचा डोळा असणें ही आपल्याच देशाची खासियत नव्हे. इंग्लंडांत ओल्ड सॅरम नांवाची एक उजाड टेंकडी १८३२ पर्यंत पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत असे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यानें १८१२ सालीं आपल्या पक्षाच्या सोयीचे मतदारसंघ पाडणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यांतला एक सॅलॅमँडर नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या आकाराचा दिसला, म्हणून वर्तमानपत्रांनीं त्याचें नांव जोडून या विद्येस नवा शब्द घडविला, आणि तो आज दोनशें वर्षें त्या बिचाऱ्याच्या नांवास चिकटला आहे. पण गेरीच्या मंडळींनींहि रेघांचा आकार बदलला; एका मतदारसंघांत माणसें किती हा आकडाच दर खेपेस बदलण्याची युक्ति महाराष्ट्राची. तिचा शोध लावणाऱ्यांनीं संकोचानें म्हणा किंवा कसें, आपलें नांव तिला दिलेलें नाहीं.

आणि हें टाळतां येत नाहीं असेंहि नाहीं. लोकसभेच्या व विधानसभेच्या मतदारसंघांसाठीं आपल्याच देशांत परिसीमन आयोग असतो. त्यावर न्यायाधीश बसतात. त्याच्या आदेशावर न्यायालयांतहि दाद सहसा लागत नाहीं. २००८ च्या आदेशानें पुणें शहरांतील भवानी पेठ मतदारसंघ गेला, वडगांव शेरी, कोथरूड, खडकवासला, हडपसर असे नवे आले. कुरकुर झाली, पण त्यानंतरच्या साऱ्या निवडणुका त्याच नकाशावर झाल्या आणि पुण्याच्या मतदारास आपला आमदार कोणत्या मतदारसंघाचा हें आज पाठ आहे. उलट पालिकेचा प्रभाग आंखतो कोण? आयुक्त, जो राज्य सरकारचा नोकर. त्यास आदेश देतें कोण? राज्य सरकार. पूर्वीं निदान राज्य निवडणूक आयोगाचा हात या कामावर होता; मार्च २०२२ मध्यें विधिमंडळानें कायदा करून तो अधिकारहि सरकारकडे घेतला, आणि त्या वेळीं सत्ताधारी व विरोधी यांच्यांत दुर्मिळ असें सख्य दिसलें. २०२५ सालीं न्यायालयानेंहि रचना ठरविण्याचा अधिकार सरकारचाच असें मान्य केलें. ठीक आहे, अधिकार आहे. कापडाच्या दुकानदारासहि गज बदलण्याची मुभा कायद्यानें दिली असती तर त्यानें ती दर गिऱ्हाइकाला वापरली असती.

'लोकसंख्या वाढते, शहर पसरतें, मग रेघा बदलाव्या लागणारच' असें कोणी सांगेल. बदला; पण लोकसंख्या मोजून बदला! २०२५ ची रचना २०११ च्या जनगणनेवर झाली, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाहीं. त्या गणतीप्रमाणें या साऱ्या क्षेत्राची लोकसंख्या, मुलांबाळांसह, ३४ लक्ष ८१ हजार धरली होती. आणि त्याच निवडणुकीच्या यादींत मतदार किती होते? साडेपस्तीस लक्षांहून अधिक. म्हणजे शहरांत माणसांपेक्षां मतदार जास्त! अशा पायावर दहा टक्क्यांच्या आंत सरासरी राखल्याचा दाखला सरकार देतें, यापरता विनोद आमच्या मासिकाच्या दिवाळी अंकांतहि छापलेला नाहीं. वाढ झाली ती कडेला, रचनेंत मोजली गेली ती चौदा वर्षांपूर्वींची. म्हणून ज्या गांवांनीं साडेचार वर्षें वाट पाहिली त्यांनाच त्यांच्या खऱ्या वस्तीच्या मानानें जागाहि कमी पडल्या असल्या पाहिजेत.

आतां नवी जनगणना येते आहे; तिचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. तिचे आकडे आले म्हणजे पुण्याचे प्रभाग पुन्हां आंखावे लागतील, आणि ते आंखणें न्याय्यच होईल. पण त्या वेळीं कोणतें सरकार असेल, त्यास दोन सोयीचे वाटतील कीं पांच, हें आज कोणासहि सांगतां येत नाहीं, आणि तेंच तर भय आहे. म्हणून त्यापूर्वीं विधिमंडळानें तीन गोष्टी कायद्यांत घालाव्या अशी आमची मागणी आहे. प्रभागांतील सदस्यांची संख्या सर्व महापालिकांस, मुंबईसह, एकच असावी, आणि ती जनगणनेखेरीज अन्य प्रसंगीं बदलतां येऊं नये. रचना करण्याचें काम आयुक्ताकडून काढून निवृत्त न्यायाधीश असलेल्या स्वतंत्र मंडळाकडे द्यावें. आणि रचना अंतिम झाल्यावर सरकारनें ती मोडली तर तोंवरचा सारा खर्च राज्याच्या तिजोरींतून महापालिकेस परत द्यावा. ही तिसरी गोष्ट किरकोळ दिसेल, पण आमचा तिच्यावर सर्वांत अधिक भरंवसा आहे. स्वतःच्या खिशांतून जाऊं लागलें म्हणजे पुष्कळांची क्रांतिकारक वृत्ति थंडावते.

विधिमंडळ हें कधीं करील तें करो. जे १६५ सदस्य नुकतेच निवडून आले आहेत त्यांना मात्र आजच करण्यासारखें एक काम आहे. ऑगस्ट २०२१ पासून नोव्हेंबर २०२५ पर्यंत प्रभागरचना, सुनावण्या, सोडती व मतदारयाद्या यांवर महापालिकेचे किती कर्मचारी, किती दिवस व किती रुपये खर्ची पडले, याचें लेखी उत्तर मुख्य सभेंत मागण्याचा त्यांना हक्क आहे. कोणत्या पक्षाचा सभासद तो प्रश्न पहिल्यानें विचारतो, हें आम्ही पाहत आहों.